डायडोच्या गोष्टीत आपलं काय?

मध्यंतरी एक ऐतिहासिक सिनेमा आला. त्याचं नाव घेत नाही, कारण दर वर्षा-दोन वर्षांनी असा एक येतोच. आमच्या खानदानाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मग नेहमीप्रमाणे दोन प्रकारचे मेसेज पडू लागले. पहिल्या प्रकारात याद्या होत्या: शिवाजी महाराजांच्या सैन्यात कोण कोण मुसलमान होते, स्वातंत्र्यलढ्यात कोण कोण फासावर गेले. दुसऱ्या प्रकारात किल्ले, मकबरे आणि बादशहांची चित्रं होती, खाली लिहिलेलं, ‘हमने यह मुल्क बनाया’.

माझा एक चुलतभाऊ इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याने मला वेगळा मेसेज केला: “भाईजान, तुम्ही पण ही यादी फॉरवर्ड करा ना. आपण गप्प बसलो तर लोकांना तेच खरं वाटेल.”

मी यादी फॉरवर्ड केली नाही. त्याऐवजी त्याला ‘बेल’ नावाचा इंग्रजी सिनेमा बघायला सांगितला. तीन दिवसांनी त्याचं उत्तर आलं: “सिनेमा चांगला आहे. पण अडीचशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमधली एक काळी मुलगी. यात आपलं काय?”

त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तर देता आलं नसतं, म्हणून इथे लिहितो आहे. तुमच्यातल्या अनेकांचाही तोच प्रश्न असेल.

चित्राच्या काठावरची मुलगी

‘बेल’ २०१३ सालचा. दिग्दर्शिका अमा असांते. ती लंडनमध्ये वाढली, आईवडील घानाचे. लहानपणी ती अभिनेत्री होती. ‘ग्रेंज हिल’ ही ब्रिटिश शाळेवरची मालिका तिथल्या एका पिढीच्या चांगली लक्षात आहे, त्यात ती होती. पुढे ती लेखनाकडे वळली, मग दिग्दर्शनाकडे. कॅमेऱ्यासमोर उभं राहिलं की दुसऱ्याने लिहिलेलं बोलावं लागतं. तिने लिहिण्याची जागाच घेतली, आणि त्या जागेवरून इतिहासाच्या पुस्तकात तळटीप म्हणूनसुद्धा न आलेल्या काळ्या माणसांच्या गोष्टी सांगितल्या.

‘बेल’चं मूळ एका चित्रात आहे. साधारण १७७९ मध्ये काढलेलं हे चित्र आज स्कॉटलंडमधल्या स्कोन पॅलेसमध्ये आहे. चित्रात दोन तरुण मुली आहेत. एक गोरी, गुलाबी झग्यातली, हातात पुस्तक घेतलेली. दुसरी काळी, रेशमी कपड्यांत, डोक्यावर पीस लावलेला फेटा, हातात फळं, आणि चेहऱ्यावर खट्याळ हसू. गोरीचा हात काळीच्या दंडावर आहे. गोरीचं नाव लेडी एलिझाबेथ मरे. काळीचं नाव डायडो एलिझाबेथ बेल.

डायडोची आई मारिया बेल गुलाम होती. बाप सर जॉन लिंडसे हा ब्रिटिश आरमाराचा अधिकारी. १७६१ साली जन्मलेल्या या मुलीला लिंडसेने आपल्या मामाकडे, लंडनजवळच्या केनवुड हाउसमध्ये ठेवलं. हा मामा म्हणजे लॉर्ड मॅन्सफिल्ड, इंग्लंडचा सरन्यायाधीश. एलिझाबेथ ही त्याची नात्यातलीच दुसरी मुलगी. दोघी एकाच घरात बरोबरीने वाढल्या.

बरोबरीने, पण जेवणाच्या टेबलापर्यंतच. १७७९ मध्ये केनवुडला जेवायला आलेल्या थॉमस हचिन्सन नावाच्या पाहुण्याने रोजनिशीत लिहून ठेवलं आहे, की जेवण झाल्यावर एक काळी मुलगी आत आली, बायकांबरोबर बसली, मग घरातल्या एका मुलीच्या हातात हात घालून बागेत फिरली. पुढे त्याने तिच्या रूपावर कुत्सित शेराही मारला आहे. म्हणजे कॉफीला ती चालत होती, पाहुण्यांच्या पंक्तीला चालत नव्हती. सिनेमाचा मोठा भाग याच एका नियमावर उभा आहे. गुगु म्बाथा-रॉने साकारलेली डायडो विचारते ते थोडक्यात असं: नोकरांबरोबर जेवायला मी फार वरची आणि घरच्यांबरोबर जेवायला फार खालची, हे कसं?

आता चित्राचं पुढे काय झालं ते बघा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला केनवुडमधल्या वस्तूंची यादी झाली. तिच्यात या चित्रापुढे लेडी एलिझाबेथचं नाव लिहिलं आणि दुसऱ्या मुलीला ‘काळी सेविका’ ठरवलं. माझ्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं, तर नावाचा रकाना रिकामा होता आणि यादी करणाऱ्याने त्वचेचा रंग बघून हुद्द्याचा रकाना भरून टाकला. तिचं नाव चित्राला परत जोडलं गेलं ते १९८०च्या दशकात, स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांमुळे. असांतेने त्या नावाला आवाज दिला, राग दिला, बाप नसल्याचं दुःख दिलं, आरशासमोर बसून स्वतःचीच कातडी चोळून काढण्याचा तो अंगावर येणारा प्रसंग दिला.

आपली दोन उत्तरं

असांतेने काय केलं नाही, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

‘ब्रिटिश आरमारात किती काळे खलाशी होते’ अशी यादी तिने केली नाही. ‘आफ्रिकेतही मोठे राजे होऊन गेले’ असंही ती या सिनेमात म्हणाली नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, तरी तिने त्या हत्यार म्हणून वापरल्या नाहीत. जेवणाच्या टेबलावरून दूर ठेवलेली एक मुलगी तिने निवडली, जिच्या नावावर लढाई नाही, किल्ला नाही, बलिदान नाही.

आपण याच्या बरोबर उलट करतो. आपल्या पहिल्या उत्तरात, म्हणजे यादीत, काय गृहीत धरलेलं असतं? आपल्यावर खटला चालू आहे आणि आपण आरोपी आहोत. समोरचा न्यायाधीश आणि आपण पुरावे सादर करणारे. तोफखान्यात अमुक होता, आरमारात तमुक होता, म्हणून आम्हाला इथे राहू द्या. याद्यांमधली सगळी नावं खरी असली तरी (आणि बऱ्याचदा ती तपासलेली नसतात) मागणीच चुकीची आहे. या देशात आपण नागरिक आहोत ते सतराव्या शतकातल्या कुणा सरदाराने शिफारस केली म्हणून नाही. त्या सैन्यात एकही मुसलमान नसता, तरी संविधानाने दिलेला तुमचा हक्क कणभर कमी झाला नसता. इतिहास हा चारित्र्याचा दाखला नाही. तो तहसील कचेरीतून आणून फाइलला लावता येत नाही.

दुसरं उत्तर, बादशहांचं, वरकरणी ताठ मानेचं वाटतं. पण त्यातही आपण दुसऱ्याच्या तख्तावर बसून फोटो काढतो. तुमचे-माझे पूर्वज तख्तावर नव्हते. कोकणात ते खलाशी होते, शेतकरी होते. इतरत्र विणकर, बागवान, अत्तार, पिंजारी, कसाई. बादशहाच्या मकबऱ्याचे दगड ज्यांनी वाहिले त्यांच्यात ते असतील, तर त्यांचं नाव कुठे आहे? ते शोधायला आपण कधी गेलो? गेलो नाही, कारण ‘हम’ म्हणताना आपल्यालाही पालखीतलाच दिसतो, पालखी उचलणारा दिसत नाही. आपल्याला खलनायक करणारा सिनेमावाला आणि आपण, दोघेही राजवाड्यातच कॅमेरा लावून बसलो आहोत. तो राजाला राक्षस म्हणतो, आपण फरिश्ता म्हणतो. कॅमेरा कुणी हलवत नाही.

सिनेमाने जे झाकलं

इथे कुणी म्हणेल, की ‘बेल’मध्येसुद्धा मीठ-मसाला आहेच. मग त्यांचा चालतो आणि आपल्यावरचा का नाही? हा आक्षेप खरा आहे आणि त्याला बगल देता येणार नाही.

सिनेमाच्या मध्यावर एक खटला आहे: झाँग जहाजाचा. १८ ऑगस्ट १७८१ रोजी, आज घानाची राजधानी असलेल्या अक्राहून हे जहाज ४४२ गुलाम कोंबून निघालं. जमैका चुकल्यामुळे प्रवास लांबला. पाणी कमी पडेल असं कारण सांगून २९ नोव्हेंबरपासून खलाशांनी जिवंत माणसं समुद्रात फेकली, एकशे तीसच्या आसपास. मग लिव्हरपूलच्या मालकांनी दर माणशी ३० पौंडांप्रमाणे विम्याचा दावा लावला. आजारी पडून मेलेल्या गुलामाचे पैसे मिळत नव्हते. जहाज वाचवण्यासाठी ‘माल’ फेकावा लागला, तर मिळत होते. १७८३ मध्ये जूरीने मालकांच्या बाजूने कौल दिला. विमा कंपनीने फेरसुनावणी मागितली, आणि प्रकरण मॅन्सफिल्डसमोर आलं. जूरीच्या नजरेत हे घोडे समुद्रात फेकल्यासारखंच होतं, अशी नोंद त्याच्या तोंडून झाली आहे. फेकाफेक चालू असतानाच पाऊस पडला होता हे तिथे समोर आलं आणि त्याने नवा खटला चालवायला मंजुरी दिली. तो पुढे उभा राहिल्याचा पुरावा नाही. खुनाबद्दल तर कुणालाच शिक्षा झाली नाही.

सिनेमात मात्र मॅन्सफिल्ड भरल्या कोर्टात बाणेदार निकाल देतो आणि त्यामागे डायडोची धडपड असते. डायडोने या खटल्यात काही केल्याचा पुरावा नाही. खरोखर ज्याने केलं तो काळा माणूस वेगळाच होता. ओलाउडा इक्वियानो, स्वतः गुलामीतून सुटलेला. त्यानेच १७८३च्या मार्चमध्ये ही बातमी ग्रॅनव्हिल शार्प या गुलामगिरीविरोधी कार्यकर्त्याकडे नेली आणि शार्पने रान उठवलं. सिनेमात इक्वियानो नाही. विसरलेल्या एका काळ्या मुलीला उजेडात आणताना एक काळा कार्यकर्ता अंधारात गेला आणि एक गोरा न्यायाधीश होता त्याहून मोठा झाला. माझ्या मते ही असांतेच्या सिनेमाची मोठी चूक आहे.

म्हणून मी एक साधं माप वापरतो. नोंद गप्प आहे तिथे कल्पना करायला हरकत नाही. डायडो आरशासमोर काय करत होती हे कुणालाच माहीत नाही, आणि तिथे असांतेने जे लिहिलं ते तिचा हक्क आहे. नोंद बोलते आहे तिथे तिचं तोंड दाबायचं नाही. झाँगच्या बाबतीत तिने ते दाबलं. हेच माप आपल्याला खलनायक करणाऱ्या सिनेमांना लावा, आणि हेच आपल्या व्हॉट्सअ‍ॅपच्या यादीलाही लावा. माप सगळ्यांना एकच असेल, तरच आपल्या आक्षेपाला कुणी किंमत देईल.

आणखी एक गोष्ट. चुका करूनही असांते थांबली नाही. ‘व्हेअर हँड्स टच’ या २०१८च्या सिनेमात तिने नाझी जर्मनीतली मिश्रवर्णी मुलगी दाखवली. पहिल्या महायुद्धानंतर ऱ्हाइनलँडमध्ये फ्रेंच सैन्यातल्या आफ्रिकी सैनिकांपासून झालेल्या मुलांपैकी जवळपास चारशे जणांची १९३७ मध्ये गुपचूप नसबंदी करण्यात आली होती. ही गोष्ट जगाला सांगायलाच हवी होती. पण सिनेमात त्या मुलीचं प्रेम हिटलरच्या युवक संघटनेतल्या मुलावर बसतं, आणि त्यावरून असांतेवर टीकेची झोड उठली. आपल्याकडे कुणा मुलीने पहिली शॉर्ट फिल्म केली आणि ती थोडी कच्ची निघाली, तर ‘कौम की बदनामी’ म्हणून तिला आपणच घरी बसवतो. चुकण्याची मुभा नसलेल्या समाजातून कलावंत कसे निघतील?

चाचांची गोष्ट

असांतेचा आणखी एक सिनेमा, ‘अ युनायटेड किंगडम’ (२०१६), आजच्या तरुण मुसलमानाने दोनदा बघावा असा आहे.

बेचुआनालँड म्हणजे आजचा बोत्सवाना. तिथल्या बामांग्वाटो जमातीचा वारस सेरेत्से खामा लंडनमध्ये कायद्याचं शिक्षण घेत होता. १९४८ मध्ये त्याने रूथ विल्यम्स या गोऱ्या इंग्रज मुलीशी लग्न केलं. शेजारी दक्षिण आफ्रिकेत त्याच वर्षी वर्णभेदी सरकार आलं होतं. काळा राजा आणि गोरी राणी आपल्या सरहद्दीला लागून नांदतात, हे त्या सरकारला सहन होईना. दक्षिण आफ्रिकेचं सोनं आणि युरेनियम ब्रिटनला हवं होतं. ब्रिटिश सरकारने चौकशी बसवली. सेरेत्से राज्य करायला लायक आहे, अडचण फक्त लग्नाची आहे, असा अहवाल आला, तेव्हा सरकारने अहवालच दाबून टाकला. सेरेत्सेला स्वतःच्या देशातून हद्दपार केलं. १९५६ मध्ये गादीवरचा हक्क सोडल्यावरच त्याला घरी येता आलं. १९६६ मध्ये तो स्वतंत्र बोत्सवानाचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला आणि रूथ त्याच्या शेजारी उभी होती.

दोन माणसांनी कुणाशी संसार करायचा हे सरकारने ठरवायचं, यात आपलं काय, असं ‘लव्ह जिहाद’ हा शब्द रोज ऐकणाऱ्या पिढीला विचारावं लागणार नाही. सिनेमा बघताना टाळ्या वाजवाव्याशा वाटतील. थोडं थांबा.

त्याच सिनेमात सेरेत्सेचा चाचा आहे, त्शेकेदी खामा. पुतण्या लहान असताना त्यानेच राज्य सांभाळलं, पुतण्यावर त्याचा जीव होता, आणि या लग्नाला सगळ्यात आधी कडाडून विरोध त्यानेच केला. गोरी सून त्याला नको होती. असांतेने त्याला गाळलं नाही. इंग्रज अधिकाऱ्यांचा वर्णद्वेष आणि घरातला नकार, दोन्ही तिने एकाच गोष्टीत ठेवले.

आपल्या घरातले त्शेकेदी आठवा. दुसऱ्या धर्माचं सोडा. कोकणी घरात दखनी सून, सय्यदांच्या घरात बागवानांचा जावई, एवढ्यावरून वर्षानुवर्षं तोंडं न बघणारी घरं माझ्या ओळखीत आहेत, तुमच्याही असतील. बाहेरचा आपल्या मुलांच्या लग्नात नाक खुपसतो तेव्हा आपण संविधान काढतो. घरचा खुपसतो तेव्हा ‘खानदान’ काढतो.

असांतेचा पहिला सिनेमा, २००४चा ‘अ वे ऑफ लाइफ’, याच कारणासाठी मला मोठा वाटतो. वेल्समधल्या एका गरीब वस्तीत गोरी पोरं एका तुर्की शेजाऱ्याचा जीव घेतात. बळी परका, बहुधा आपल्यासारखाच ईद साजरी करणारा. पण काळ्या दिग्दर्शिकेने कॅमेरा जास्त वेळ ठेवला तो त्या पोरांच्या घरात, तान्ह्या मुलीला काय खाऊ घालायचं या विवंचनेत असलेल्या एका कोवळ्या आईवर. गुन्हा माफ केला नाही, पण गुन्हेगार कसा घडतो ते बघायला ती गेली. आपल्या मोहल्ल्यावर दगड टाकणाऱ्या पोराच्या घरात काय चाललंय, हे बघायची हिंमत आपल्यातला कुठला लेखक करेल?

आपल्या घरातला काठ

आता चुलतभावाच्या प्रश्नाचं खरं उत्तर. काळ्यांचा इतिहास आपल्यापासून दूर नाही, तो आपल्या अंगणात आहे.

मलिक अंबर इथिओपियात जन्मला, लहानपणी विकला गेला, अरबस्तान-बगदादच्या बाजारांतून फिरत दख्खनला आला, निजामशाहीचा पेशवा झाला. त्याने खडकी वसवली, तीच पुढे औरंगाबाद झाली. तिथल्या नहरींचं पाणी पिढ्यानपिढ्या लोक प्यायले. मोगलांना त्याने आयुष्यभर झुंजवलं आणि १६२६ मध्ये मरेपर्यंत तो त्यांच्या हाती लागला नाही. आपल्या ग्रुपवर त्याचा फोटो ‘ग्रेट मुस्लिम जनरल’ म्हणून फिरतो. तो काळा होता आणि गुलाम होता, हे त्या मेसेजमध्ये कधी असतं का? त्याला विकणारे आणि विकत घेणारे बहुतेक कलमा पढणारे होते, हे असतं का?

त्याचा शत्रू जहांगीर. बादशहाच्या दरबारात एक चित्र काढलं गेलं, आज ते डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे. भाल्याच्या टोकावर अंबरचं कापलेलं काळं डोकं आणि त्यावर बाण मारणारा जहांगीर. प्रत्यक्षात असं काही घडलं नव्हतं. बादशहाला जे रणांगणावर जमलं नाही ते चित्रकाराने कागदावर करून दिलं. आठवणींच्या पुस्तकातही जहांगीर अंबरला त्याच्या काळ्या रंगावरून शिव्या देतो. कलमा दोघांचा एक, पण बादशहाला दिसला तो रंग.

“इस्लाममध्ये रंगभेद नाही, हजरत बिलाल (रजि.) यांनी पहिली अजान दिली,” हे आपण किती सहज म्हणतो. अजान दिली हे खरं, आणि दीनने जे शिकवलं तेही खरं. म्हणून तर प्रश्न आपल्याला आहे. लग्नाच्या बायोडेटात ‘गोरी’ कोण लिहितं? सावळं मूल जन्मलं की “हे हबशी कुठून आलं?” असं हसत कोण म्हणतं? १९८३ मध्ये कमाल अमरोहींनी ‘रझिया सुलतान’ काढला. त्यात याकूत या हबशी सरदाराच्या भूमिकेत धर्मेंद्र होते, तोंड काळं रंगवून. देशात सिद्दी होते, आजही आहेत. पडद्यावर यायला त्यांचा चेहरा लागला नाही, फक्त रंग लागला, तोही डब्यातला.

माझं गाव रायगडात, पूर्वीच्या जंजिरा संस्थानातलं. तिथे सिद्दी म्हणजे नवाब. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं, तरी माझी नानी कुठल्याही गोष्टीची सुरुवात ‘नवाबसाहेबांच्या जमान्यात’ अशी करायची. शाळेत गेलो तर सिद्दी म्हणजे शत्रू, पन्हाळ्याला वेढा घालणारा सिद्दी जौहर. घरात नवाब आणि शाळेत शत्रू. यांच्या मधला सिद्दी मला कुणी दाखवला नाही.

‘बेल’ बघितल्यावर मला नानीची एक गोष्ट आठवली. तिच्या माहेरी लग्नकार्याला एक सिद्दी बाई यायची. दोन-दोन दिवस राबायची, तांदळाच्या भाकऱ्या तिच्यासारख्या कुणाला जमत नसत, रात्री बायकांना ढोलकीवर गाणी म्हणून दाखवायची. जेवायला मात्र मागच्या पडवीत बसायची. वेगळी रकाबी होती तिची. नानी हे अभिमानाने सांगायची, की आमच्याकडे तिला कधी उपाशी पाठवलं नाही.

मी नानीला फोन केला आणि विचारलं, “नानीजान, तिचं नाव काय होतं?”

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “नाव असेल की रे. आम्ही हबशीणच म्हणायचो.”

वस्तूंची यादी करणारा तो इंग्रज कारकून आणि माझी नमाजी, प्रेमळ नानी, दोघांनी एकच रकाना रिकामा ठेवला. मी नानीला दोष देत नाही. मीही तीस वर्षं ही गोष्ट ऐकत होतो आणि नाव कधी विचारलं नव्हतं.

काय करायचं

मित्रांनो, आपल्याविरुद्धचे सिनेमे थांबणार नाहीत. जिथे खोटेपणा द्वेष पेरतो तिथे कायदेशीर तक्रार करा, पुराव्यानिशी लिहा. ती लढाई सोडून द्या असं मी म्हणत नाही. पण तेवढंच करत राहिलो, तर आपली सगळी बुद्धी दुसऱ्याच्या पटकथेला उत्तर देण्यात जाईल आणि आपली पटकथा कधी लिहिलीच जाणार नाही.

असांतेकडे सुरुवातीला राजवाडा नव्हता. एक चित्र होतं, एका पाहुण्याच्या रोजनिशीतल्या काही ओळी होत्या, एक मृत्युपत्र होतं. मॅन्सफिल्डने त्या मृत्युपत्रात, लहानपणापासून आपल्याच घरात वाढलेली डायडो स्वतंत्र आहे, असं मुद्दाम लिहून ठेवलं. एवढा मोठा न्यायाधीश, तरी आपल्या मागे तिला कुणी गुलाम ठरवू नये म्हणून त्याला ते लिहावं लागलं. त्या एका वाक्यात पूर्ण सिनेमा आहे.

आपल्याकडेही कागद आहेत. निकाहनामे आहेत, मशिदीच्या आणि दर्ग्याच्या जमाखर्चाच्या वह्या आहेत, मुंबई गोदीत आणि जहाजांवर काम केलेल्या आजोबांची जुनी ओळखपत्रं आहेत, पत्र्याच्या पेट्यांत घड्या घालून ठेवलेले खरेदीखतं आहेत. आणि कागदांपेक्षा लवकर संपणाऱ्या आपल्या नान्या-दाद्या आहेत. तुमच्या प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. या सुट्टीत गावी जाल तेव्हा त्यांच्यासमोर बसा. नवाब आणि बादशहा सोडून द्या. पडवीत कोण जेवायचं ते विचारा. कुणाची रकाबी वेगळी होती ते विचारा. मग नाव विचारा. जे सापडेल ते आपल्याला शोभणारं नसेल, तरीही लिहा. उलट तेच आधी लिहा. स्वतःच्या पडवीकडे बघणाऱ्याने दुसऱ्याच्या पंगतीवर बोट ठेवलं, की ते टाळता येत नाही.

चुलतभावाला हा लेख छापण्याआधी पाठवला. त्याने यादी फॉरवर्ड करणं थांबवलं की नाही, मला माहीत नाही. पण परवा त्याचा मेसेज आला. तो मुरूडला नानीच्या माहेरच्या मोहल्ल्यात जाऊन आला होता. तिथल्या एका म्हाताऱ्या खालाला ती सिद्दी बाई आठवते. नाव तिलाही आठवत नाही, पण तिला एक मुलगी होती आणि ती लग्न होऊन कुठे गेली, ते तिने सांगितलं. येत्या रविवारी आम्ही दोघे तिकडे जाणार आहोत.